बिनपंख्याचं कार्ड

मी हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला लिहायला बसली असं कुणाला वाटायला नको. लहानपणी मैत्रिणीच्या रिबिनीचा हेवा केला, शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलीच्या अक्षराचा केला, चुलतीच्या दारातल्या जास्वंदीचासुद्धा केला. पण ह्या सगळ्यांची गोळाबेरीज केली तरी ती माझ्या वहिनीच्या वाट्याला आलेल्या हेव्याएवढी भरायची नाही. आता चाळिशी उलटली, केसांना मेंदी लावावी लागते, तिचं आणि माझं छान चाललंय. तरी ती गाडीवरून उतरून दारात आली की माझी नजर आधी तिच्या साडीवर जाते आणि मग तोंडावर. काय करणार, जित्याची खोड आहे.

आमचं घर न्हावऱ्यात, रस्त्याला लागून. पुढं सोपा, मागं गोठा, आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून कडबाकुट्टीचं मशीन. पहाटे आधी दुधाच्या कॅनचा आवाज, मग आप्पांचं खाकरणं, मग कुट्टीचा खर्रर्र असा आवाज, की भुसा घरभर. चहाच्या कपात भुसा, देवाच्या तबकात भुसा. आई म्हणायची, "ह्या घरात मीठ कमी पडंल, भुसा न्हाई पडायचा." मी शिरूरला एसटीनं जाऊन कॉम्प्युटरची पदवी काढली होती. आमच्या भावकीत माउसला हात लावणारी पहिली मीच. कुणाचा मोबाइल बंद पडला, कुणाचं ऑनलाइन फॉर्माचं काम निघालं की आप्पा सोप्यातून हाक मारायचे, "मने, हे काय म्हणतंय बघ गं." त्या एका हाकेवर मी भांडी टाकून उठायचे. बाकी वेळ शिलाई मशीनवर गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायचे आणि वाट बघायचे, आप्पा रस्त्याकडेचा गाळा मला कधी देतात त्याची. दोन वर्षं तो गाळा नुसता शटर ओढून पडला होता, आत कांद्याच्या रिकाम्या पिशव्या. मला तिथं कॉम्प्युटरचा क्लास काढायचा होता. दुसरं काही नको होतं मला, खरंच नको होतं.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा आप्पांनी भिंतीएवढा टीव्ही आणला. मी शिरूरच्या एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर स्वस्तात मिळवला, पाटासारखा आडवा, चपटा डबा, आणि तो टीव्हीच्या खाली ठेवून वायर जोडली. त्यावर पिक्चर लागायचे, गाणी लागायची, संध्याकाळी शेजारपाजारची माणसं येऊन बसायची. "मनीनं घरात थेटर केलं," असं आप्पा सांगत सुटले होते. आणि मग वहिनी आली. दौंडची, रेल्वेतल्या माणसाची एकुलती एक लेक, नाव अश्विनी, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनियर. इंजिनियर! स्थळ सांगून आलं त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात पाहुण्यासारखा मुक्कामाला आला. हळद निघाली नाही तोवर गावातल्या बायका म्हणायला लागल्या, "आता गाळ्यात सूनच बसवा की, शिकलेली हाय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी काय अडाणी होते? पण पदवी आणि इंजिनियर यांत गावाच्या हिशोबी फार मोठं अंतर होतं, आणि दिसायलाही ती गोरी, सडपातळ, बोलायला मऊ. एक तरी खोट असावी ना माणसात!

पुढं लग्नाचं शूटिंग आलं. फोटोग्राफरनं हार्ड डिस्कवर दिलं, एकदम स्वच्छ, मोठ्या टीव्हीसाठी. आम्ही सगळे हौसेनं बसलो आणि माझा डबा घाम गाळायला लागला. सनई पुढं, नवरदेव मागं. अक्षता पडत होत्या तर एकेक तांदूळ मोजून घ्यावा अशा. मंगलाष्टक संपलं तरी अंतरपाट जागचा हलेना. आईला हसू आवरेना, आप्पांना राग. पुढच्या रविवारी दौंडची मंडळी शूटिंग बघायला जेवायलाच येणार होती. आप्पांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "पाव्हण्यांच्या म्होरं हे असं चालायचं न्हाई. तुम्ही दोघी शिकलेल्या हाय ना? जी हे नीट करून दावंल तिच्या हातात गाळ्याची किल्ली." थट्टेत म्हणाले असतील, पण आप्पांची थट्टा म्हणजे पक्का शब्द, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी हसली. मी नाही हसले.

दुखणं काय ते मला कळत होतं. त्या जुन्या डब्याला मोठं चित्र झेपत नव्हतं, त्याला चित्राचं ओझं उचलणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. मी शिरूरच्या दुकानात एक बघूनही ठेवलं होतं, दोन पंख्यांचं, लाल पट्ट्यांचं, खोक्यावर राक्षसाचं चित्र असलेलं. दुकानदार म्हणाला होता, पुण्याची पोरं हेच नेतात. मला तेवढं पुरे होतं. वहिनी म्हणाली, दौंडला तिच्या वर्गातल्या एका मुलाचं दुकान आहे, तिथं बघू. झालं, आप्पांनी तिचं ऐकलं. शुक्रवारी आम्ही तिघं न्हावऱ्याहून चौफुल्याला, तिथून वरवंड, पाटस करत दौंडला. वाटेत वहिनी खिडकीतून "हे आमच्या मावशीचं गाव, इथली भेळ छान" असं दाखवत होती आणि आप्पा "व्हय का, व्हय का" करत होते. मला त्यांनी आयुष्यात कधी इतक्यांदा "व्हय का" म्हटलेलं आठवत नाही.

दुकानात मी राक्षसाच्या चित्राचं कार्ड मागितलं. तिथंही ते होतंच. दुकानदारानं ते आमच्यापुढं ठेवलं तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "ताई, आपला डबा केवढा उंच आहे?"

"बसतंय त्यात," मी म्हटलं. मापलं कुणी होतं!

तिनं हात पसरून वीत दाखवली. "एवढाच ना? माझी वीतसुद्धा पुरी होत नाही त्याला. हे आत उभंच राहायचं नाही. आणि ह्याला वेगळी पॉवरची वायर लागते, आपल्या डब्याचा सप्लाय बारका आहे. शिवाय पंखा आहे. आपल्याकडे कुट्टीचा भुसा केवढा उडतो, महिन्यात पंखा जाम होईल. आपल्याला गेम कुठं खेळायचाय ताई, पिक्चर तर बघायचाय."

एकेक शब्द खरा होता. चार महिने त्या घरात राहून तिनं भुशाचासुद्धा विचार केला होता, आणि मी, त्या भुशात जन्मलेली, राक्षसाच्या चित्राला भुलले होते. दुकानदारानं मग एक छोटं कार्ड काढलं, पंखा नाही, पंख्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या पात्यांचा जाड ठोकळा, गरमी त्यातूनच निघून जाणार. एकाच वायरनं चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीला. निम्म्याहून स्वस्त. दुकानदारानं दोन लोखंडी पट्ट्याही दाखवल्या. कार्ड डब्याला स्क्रूनं आवळायला अशी पट्टी लागते, मोठ्या डब्याला लांब, ती आधीच लावलेली होती, आणि चपट्या डब्याला आखूड, ती खोक्यात सुटी होती. "ही आखूड हरवू नका," तो म्हणाला, "सुटी मिळत नाही."

तरी मी हटले नाही. "आप्पा, मोठं ते मोठं," मी म्हटलं. तेव्हा आप्पांनी काय केलं, तर एका तळव्यावर माझं कार्ड घेतलं, दुसऱ्यावर वहिनीचं, डोळे मिटले आणि दोन्ही हात वरखाली केले. कणीस असो, ढेप असो, नांगराचा फाळ असो, आप्पांनी जन्मभर प्रत्येक वस्तू अशीच पारखली. माझ्या कार्डाचं नुसतं प्लॅस्टिक होतं, वहिनीचा ठोकळा भरीव. "ह्यात माल हाय," आप्पा म्हणाले, "त्ये नुसतं डबडं हाय, पंखं लावल्यात वर." दुकानदार खाली बघून हसला. मला रडू आलं. वहिनी बरोबर होती म्हणून हरले असते तर एक वेळ गिळलं असतं, पण मी हरले ती वजनात! आज मी क्लासमधल्या मुलांना हा किस्सा सांगते तेव्हा पोरं पोट धरून हसतात. त्या दिवशी परतीच्या एसटीत ते खोकं आप्पांनी माझ्याच मांडीवर ठेवलं, "जपून धर गं मने," म्हणून, आणि वरवंड मागं पडलं तरी मी त्या दोघांकडं मान वळवली नाही.

शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. दादा रांजणगावला कंपनीत, आप्पा रानात, आई आणि वहिनी मासवडीसाठी तीळ-खोबरं आणायला दुकानात. मी खोकं उघडलं. नुसतं बघायला, असं मनाला सांगितलं. आखूड पट्टी एका बारक्या पिशवीत होती, बोटाएवढी. ती मी उचलली आणि शिलाई मशीनच्या खणात अगदी तळाला, गोधडीच्या जाड लाल दोऱ्याखाली सरकवली. खोकं होतं तसं बंद केलं. हात कापत होते असं लिहायला हवं, पण नव्हते कापत. माझं गणित पक्कं होतं. संध्याकाळी वहिनी जोडायला बसेल, पट्टी सापडणार नाही, तिची फजिती होईल. उद्या पाहुणे यायच्या आधी तासभर मी खोक्याच्या तळातून ती "शोधून" काढीन आणि कार्ड बसवीन. किल्ली माझी.

संध्याकाळी अगदी तसंच झालं. वहिनीनं खोकं उलटं केलं, झटकलं, पुन्हा उलटं केलं. दुकानदाराला फोन लावला, तो शपथेवर सांगत होता की त्यानं पट्टी टाकली होती. आप्पांचा आवाज चढला. "तूच पसंत केलंस ना? मग हातानं बघून घ्यायला काय झालं व्हतं? उद्या तुझीच माणसं येणार हायती." वहिनी मान खाली घालून म्हणाली, "चुकलं आप्पा, मी बघायला हवं होतं." माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू! मग आप्पा माझ्याकडं वळले. "मने, तू तरी बघ गं काहीतरी." ती हाक. चार महिन्यांनी ती हाक आली होती. मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "बघते सकाळी. पण पट्टीबिगर अवघड हाय." वहिनीनं माझ्याकडं बघितलं, तिच्या नजरेत संशय नव्हता, आशा होती. तेवढं मात्र मला टोचलं. टोचलं, पण मी पट्टी काढली नाही.

रविवारी सकाळपासून स्वयंपाकघरात मी आणि आई मासवड्या थापत होतो. ओल्या फडक्यावर बेसनाची उकड पसरायची, वर तीळ, खोबरं, लसणाचं सारण, मग फडक्यासकट गुंडाळी. हे काम मला सोडून कुणाला नीट जमत नाही, निदान मला तसं वाटतं. हात पिठात असतानाच बाहेरून सनई वाजली. स्वच्छ, न अडखळता. मी तशीच धावत सोप्यात गेले. टीव्हीवर अक्षता पडत होत्या, पावसासारख्या, आणि आप्पा लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. "जमवलं बघ पोरीनं!"

डब्याचं झाकण उघडं होतं. वहिनीनं लांब पट्टी स्क्रू काढून वेगळी केली होती आणि कार्ड उघडंच खाचेत बसवलं होतं. वायरीच्या ओझ्यानं ते उचकटू नये म्हणून डब्याच्या सांगाड्याला दोऱ्यानं घट्ट बांधलं होतं. जाड, लाल दोरा. गोधडीचा.

मी पिठाच्या हातानं शिलाई मशीनचा खण ओढला. पट्टी तळाला नव्हती. सगळ्या रिळांच्या वर, मधोमध ठेवलेली होती. दोरा काढताना तिला ती दिसली होती. हातात धरून सोप्यात आली असती, "ही कुणी ठेवली इथं?" एवढं विचारलं असतं तरी संपलं होतं माझं. तिनं ती बघितली, वर ठेवली, मला कळावं म्हणून वर ठेवली, आणि लावली तर कुठं सापडली ते सांगावं लागेल म्हणून दोऱ्यानं बांधून घेतलं. मी खण ढकलला आणि मासवड्या कापायला गेले. आई म्हणाली, "आज काय झालं गं तुला, वड्या वाकड्या जायला लागल्या."

दुपारी जेवणं उरकली, सतरंजी अंथरली, दौंडची मंडळी ऐसपैस बसली. वहिनीचे वडील, आई, मावशी. पंख्याची घरघर म्हणून नाही, आणि चित्र इतकं स्पष्ट की भटजीच्या कपाळावरचा घाम मोजावा. हसणं-खिदळणं चाललं होतं. मी दाराला टेकून उभी. मग वरात न्हावऱ्याला आली, नवराबायको आमच्या उंबऱ्यासमोर उभी राहिली आणि बहीण दार अडवते तो प्रसंग आला. आमच्याकडं रीतच आहे, नव्या जोडीनं घरात पाऊल टाकायच्या आधी बहिणीनं दोन्ही हातांनी दार धरायचं आणि भावाला विचारायचं, "तुझी लेक माझ्या लेकाला देशील का?" भावानं हो म्हणायचं, मग हात काढायचे. गंमत असते सगळी.

टीव्हीवर मी भिंतीएवढी झाले होते. मी विचारलं. दादा म्हणाला, "देतो गं बाई, देतो." बायका हसल्या. आणि मी हात काढले नाहीत. पुन्हा दादा म्हणाला, "दिली म्हटलं ना!" मी नाहीच हलले. लग्नाच्या गर्दीत कुणाला ते कळलं नव्हतं, मला स्वतःलासुद्धा आठवत नव्हतं. आता सगळ्यांना दिसत होतं, माझी बोटं चौकटीवर पांढरी पडलेली आणि डोळे नव्या नवरीवर रोखलेले. शेवटी आईनं माझा हात धरून बाजूला केला. मावशी आधी हसत म्हणाली, "अगं बाई, ही तर भाऊ सोडीनाच!" मग तिनंही हसू आवरलं. माउस वहिनीच्या हातात होता. पुढं ढकललं असतं तर भागलं असतं. तिनं ढकललं नाही, ती एकटक माझ्याकडं बघत होती, टीव्हीवरच्या माझ्याकडं. मला वाटलं, घे, घेतलास सूड.

चहा झाल्यावर आप्पांनी कोपरीच्या खिशातून गाळ्याची किल्ली काढली आणि व्याह्यांसमोर सुनेच्या हातात दिली. "शब्द म्हंजी शब्द," ते म्हणाले. तिनं नको म्हटलं नाही. पदराआड कमरेला खोचली आणि वडिलांकडं बघून हसली, तिच्या वडिलांचे डोळे भरून आले. तेव्हा मला जे वाटलं त्याला नुसता हेवा म्हणणं कमी पडेल.

मंडळी गेली. मागच्या दारी नळाखाली आम्ही दोघी ताटं घासायला बसलो. पहिली ताटं राखेनं घासून झाली. मग मीच म्हटलं, "सांगायचं होतं ना आप्पांना. का नाही सांगितलं? चांगुलपणा दाखवायला?"

"नाही," ती म्हणाली. "राग आला होता मला. फार आला होता. वर ठेवली ना पट्टी, ती रागानंच ठेवली." तिनं एक ताट पालथं घातलं. "पण मग दुपारी ते दाराचं बघितलं. ताई, मी एकटीच ना. मी घरातून निघाले तेव्हा आईबाबा रडले, पण दार धरून उभं राहणारं कुणी नव्हतं मला. कधीच कुणी मला असं धरून ठेवलं नाही. त्या दिवशी उंबऱ्यावर मी काय विचार करत होते सांगू? मला तुमच्या भावाचा हेवा वाटत होता."

मी माफी मागायला हवी होती, निदान तिच्या हातातलं ताट घ्यायला हवं होतं. दुसरी कुणी असती तर तिनं गळ्यात गळा घातला असता. मी हात धुतले, ओला हात पुढं केला आणि म्हटलं, "किल्ली द्या."

तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. कशाला, का, आप्पांना काय सांगू, काही विचारलं नाही. कमरेची किल्ली काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा ताट घासायला लागली. आप्पांना तिनं नंतर काय सांगितलं ते मला आजवर ठाऊक नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मी गाळ्यातल्या पिशव्या काढल्या, झाडून घेतलं, क्लास सुरू केला. तिनं वर्षभरानं रांजणगावला नोकरी धरली. क्लास अजून चालू आहे आणि गावातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत.

मला वाटलं होतं, किल्ली हातात आली की हेवा संपेल. नाही संपला. ती किल्ली तिलाही हवी होती, बापासमोर मिळवली होती तिनं, आणि मागितल्याबरोबर देऊन टाकली. असं देऊन टाकणं मला त्या दिवशी जमलं नसतं, आजही जमायचं नाही. तिला जमतं, आणि त्याचाच हेवा करत मी म्हातारी व्हायला लागले आहे.